जे.आर.डी. टाटा

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा (जन्म : पॅरिस, २९ जुलै १९०४, मृत्यू : जिनिव्हा, २९ नोव्हेंबर १९९३) हे भारतीय उद्योगपती, वैमानिक आणि भारतातील नागरी विमानवाहतुकीचे संस्थापक होते. जे.आर.डी. या आद्याक्षरांनीच ते सर्वत्र ओळखले जात. पोलाद, मोटारनिर्मिती, रसायने, विज्ञानसंशोधन, कुटुंबनियोजन अशा अनेक क्षेत्रांत त्यांनी काम केले असले, तरी त्यांच्या मनाचा ओढा अखेरपर्यंत विमानाकडेच राहिला. पावसाळा, डोंगररांगा, काळोख आणि अपुरी साधने यांच्याशी सामना करीत विमान वेळेवर आणि सुखरूप कसे पोहोचवावे, हा प्रश्न त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षे हाताळला. १९४९ साली नागपूर हे केंद्र धरून सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेवरून सरकारशी त्यांचा जो मतभेद झाला, तो याच प्रश्नातून निर्माण झाला होता.

बालपण आणि शिक्षण

जे.आर.डी. यांचे वडील रतनजी दादाभाई टाटा हे जमशेटजी टाटा यांचे नातलग व व्यवसायातील भागीदार होते. आई सुझान ब्रिएर या फ्रेंच होत्या. विवाहानंतर त्यांचे नाव सूनी ठेवण्यात आले. मुलांचे बालपण फ्रान्स, मुंबई आणि जपान असे विभागले गेले. त्यामुळे जे.आर.डी. यांचे शालेय शिक्षण सलग झाले नाही, आणि फ्रेंच ही त्यांची पहिली भाषा ठरली. विद्यापीठाची पदवी मात्र त्यांना कधीच घेता आली नाही.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्देलो येथे टाटा कुटुंबाचे उन्हाळी घर होते. २५ जुलै १९०९ रोजी विमानाने प्रथमच इंग्लिश खाडी ओलांडणारे लुई ब्लेरिओ यांचेही घर तेथेच होते. किनाऱ्यावरच्या वाळूत उतरणारी विमाने पाहत जहांगीर मोठा झाला. पंधराव्या वर्षी त्याला तेथेच विमानात बसण्याची संधी मिळाली, आणि आपण वैमानिक व्हायचे हे त्याने त्याच वेळी ठरवले.

१९२३ मध्ये आईचे निधन झाले. फ्रेंच नागरिक या नात्याने एक वर्षाची सक्तीची लष्करी सेवा पूर्ण करून जे.आर.डी. १९२५ च्या अखेरीस मुंबईत आले व टाटा समूहात विनावेतन उमेदवार म्हणून दाखल झाले. पुढच्याच वर्षी वडीलही गेले. १९२९ मध्ये त्यांनी फ्रेंच नागरिकत्वाचा त्याग केला.

पहिला परवाना आणि आगाखान स्पर्धा

मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू होताच जे.आर.डी. यांनी तेथे नाव नोंदवले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना मिळालेल्या वैमानिकाच्या परवान्याचा क्रमांक १ होता. भारतात देण्यात आलेला हा पहिला परवाना होय.

इंग्लंड व भारत यांमधील अंतर एकट्याने विमान चालवीत पार करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखान यांनी पारितोषिक जाहीर केले होते. १९३० साली जे.आर.डी. कराचीहून लंडनच्या दिशेने निघाले. त्यांचे प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनिअर हे उलट दिशेने, म्हणजे इंग्लंडहून भारताकडे येत होते. इजिप्तमधील अबूकीर येथे दोघांची गाठ पडली. इंजिनाचे स्पार्क प्लग मिळत नसल्यामुळे इंजिनिअर तेथे अडकून पडले होते. जे.आर.डी. यांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना देऊन टाकले. इंजिनिअर कराचीला पोहोचले आणि थोड्या फरकाने पारितोषिक त्यांना मिळाले. हेच अस्पी इंजिनिअर पुढे (१९६०–६४) भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. हा प्रसंग खिलाडूपणाचा नमुना म्हणून नेहमी सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु वाटेत अडकलेल्या वैमानिकाला सुटा भाग मिळाला नाही तर काय होते, याचाही तो एक धडा होता. अशा बिघाडासाठी जागोजागी कारागीर आणि साहित्य ठेवणारी व्यवस्था त्या काळी अस्तित्वातच नव्हती.

१९३० च्या डिसेंबरात थेल्मा विकाजी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

कराची–मद्रास हवाई टपाल

ब्रिटिश हवाई दलातील माजी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी १९२९ मध्ये टाटांपुढे एक योजना मांडली. लंडनहून येणारे हवाई टपाल कराचीपर्यंतच येत असे. ते तेथून विमानाने मुंबई व मद्रासला न्यावे, अशी ही कल्पना होती. समूहाचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा प्रारंभी अनुकूल नव्हते. संचालक जॉन पीटरसन यांच्या आग्रहामुळे त्यांनी दोन लाख रुपयांच्या गुंतवणुकीस संमती दिली. सरकारने अर्थसाहाय्य नाकारले. वाटाघाटींत तीन वर्षे गेल्यानंतर १९३२ मध्ये करार झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जे.आर.डी. यांनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून टपालाच्या थैल्या घेऊन एक इंजिनाच्या पुस मॉथ विमानातून उड्डाण केले. अहमदाबादला इंधन भरण्यासाठी ते थांबले. तेथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणण्यात आले होते. दुपारी ते मुंबईत जुहू येथे उतरले. तेथून व्हिन्सेंट यांनी बळ्ळारीमार्गे मद्रासपर्यंत टपाल नेले. भारतीय नागरी विमानवाहतुकीचा प्रारंभ याच दिवसापासून मानला जातो.

या विमानांमध्ये बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती आणि जमिनीवर दिशादर्शक साधने नव्हती. वैमानिकाच्या हाताशी होकायंत्र, नकाशा आणि घड्याळ एवढेच होते. बाकी भरवसा डोळ्यांवर. खाली दिसणारा समुद्रकिनारा, नदी किंवा रेल्वेचा रूळ हीच वाटेची खूण. हिवाळ्यात हे जमत असे. परंतु जून ते सप्टेंबर या काळात सह्याद्रीचा माथा ढगांत बुडालेला असतो, आणि मुंबईहून बळ्ळारीला जाण्यासाठी तो ओलांडावाच लागतो. जुहूचे मैदान तर भरतीच्या पाण्याने व पावसाने चिखलात जाई. यावर कंपनीने काढलेला मार्ग साधा होता. पावसाळ्यात विमाने जुहूहून हलवून पुण्याच्या मैदानावर नेण्यात येत. खराब मैदानावर धाडसाने उतरण्यापेक्षा मैदानच बदललेले बरे, हा विचार त्यामागे होता.

पहिल्या वर्षात या सेवेने १,६०,००० मैलांचे उड्डाण केले आणि ६०,००० रुपये नफा मिळवला. पावसाळ्यातील घाटांवरचे ढग धरूनही टपाल शंभर टक्के वेळेवर पोहोचल्याची नोंद सरकारच्या नागरी विमानवाहतूक खात्याने आपल्या अहवालात घेतली. दोन-तीन वैमानिक आणि मूठभर कारागीर यांच्या बळावर हे साधले होते.

समूहाचे नेतृत्व, युद्ध आणि फाळणी

१९३८ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, जे.आर.डी. टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, इंग्लंडहून भारताकडे येत असताना व्हिन्सेंट यांचे विमान पाडण्यात आले व त्यांचा अंत झाला. २९ जुलै १९४६ रोजी टाटा एअरलाइन्सचे रूपांतर 'एअर इंडिया' या सार्वजनिक कंपनीत करण्यात आले.

युद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याची डाकोटा विमाने स्वस्तात विक्रीस निघाली. ती घेऊन देशात एकामागून एक विमानकंपन्या उभ्या राहिल्या आणि सरकारने त्यांना सढळ हाताने परवाने दिले. देशातील प्रवासीसंख्या पाहता दोन-तीन कंपन्या पुरेशा आहेत. याहून अधिक झाल्यास सर्वच तोट्यात जातील, असे जे.आर.डी. यांचे मत होते. तोट्यातील कंपनी पहिली काटकसर देखभालीत करते, हे विमानधंद्यातील सर्वांना ठाऊक असलेले सत्य आहे. १९४७ च्या ऑक्टोबरात श्रीनगरला सैन्य पोहोचवण्यासाठी खासगी कंपन्यांचीच डाकोटा विमाने उपयोगी पडली, हीदेखील या विस्ताराची दुसरी बाजू म्हणून नोंदवली पाहिजे.

८ मार्च १९४८ रोजी सरकारच्या ४९ टक्के भागीदारीने 'एअर इंडिया इंटरनॅशनल' स्थापन झाली. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' या कॉन्स्टेलेशन विमानाने मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनकडे पहिले उड्डाण केले. जे.आर.डी. स्वतः त्या विमानात होते.

नागपूरची रात्रीची टपालसेवा आणि मतभेद

स्वतंत्र भारताचे पहिले दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांनी देशातील पत्रे कोणताही जादा आकार न घेता विमानाने पाठवण्याचे ठरवले. त्यासाठी विमाने रात्री उडणे आवश्यक होते : संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या महानगरात वाटले जावे, हा हेतू होता. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांच्या जवळजवळ मध्यावर असलेले शहर म्हणजे नागपूर. चारही ठिकाणांहून रात्री विमान निघावे, मध्यरात्रीनंतर चारही विमाने नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यावीत, तेथे थैल्यांची व प्रवाशांची अदलाबदल व्हावी आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमानाने आपापल्या शहरी परतावे, अशी ही सुटसुटीत रचना होती.

कागदावर या योजनेत उणे काढण्यासारखे काही नव्हते. अडचण जमिनीवर आणि आकाशात होती. नागपूरच्या भोवती शेकडो किलोमीटर सातपुड्याचे व मध्य भारताचे अरण्य पसरलेले होते. रात्री या प्रदेशावरून जाताना खाली दिवा दिसणेही दुर्मीळ. दिवसा रूळ किंवा नदी पाहून वाट काढता येते. रात्री ती सोय नसते, आणि बिघाड झाल्यास उतरण्याजोगी जागाही दिसत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस विदर्भात वळवाची वादळे उठतात. डाकोटा विमानात हवेचा दाब राखण्याची सोय नसल्यामुळे गडगडाटी ढगांच्या वरून जाणे त्याला शक्य नसे; ढगाला वळसा घालावा लागे. ढग दाखवणारे रडार त्या काळी या विमानांत नव्हते. म्हणजे वळसा घालायचा तर ढग आधी डोळ्यांना दिसला पाहिजे, आणि काळोखात तो विजेच्या लखलखाटातच दिसणार.

रात्री विमान उतरवण्याच्या व मार्ग दाखवण्याच्या सोयी पुरेशा झालेल्या नसताना ही सेवा सुरू करणे धोक्याचे आहे, अशी भूमिका जे.आर.डी. यांनी घेतली. तयारीसाठी अवधी द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. किडवाई थांबण्यास तयार नव्हते. टाटांचा विरोध व्यापारी हिशेबातून आलेला आहे, असा सरकारी बाजूचा संशय होता. वाद वृत्तपत्रांपर्यंत गेला. अखेर हे काम 'इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स' या लहान कंपनीला देण्यात आले आणि ३० जानेवारी १९४९ रोजी नागपूरमार्गे रात्रीची टपालसेवा सुरू झाली. १ एप्रिल १९४९ पासून पत्रांवरील विमानाचा जादा आकारही रद्द झाला.

ती कंपनी काही महिन्यांतच डबघाईला आली व सेवा बंद पडली. त्याच वर्षी 'हिमालयन एव्हिएशन'ने ती पुन्हा सुरू केली. पुढे हैदराबादच्या 'डेक्कन एअरवेज'चाही तिच्याशी संबंध आला.

या वादात कोण बरोबर होते, याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. टपालसेवा टिकली, लोकप्रिय झाली आणि सामान्य माणसाच्या पोस्टकार्डाला विमान मिळाले. किडवाई यांची दृष्टी या बाबतीत लोकाभिमुख होती यात शंका नाही. परंतु ज्या सोयी आधी व्हाव्यात असे जे.आर.डी. म्हणत होते, त्या सेवा सुरू झाल्यानंतर हळूहळू होत गेल्या, आणि मधल्या काळातली जोखीम वैमानिकांनी व प्रवाशांनी उचलली. राष्ट्रीयीकरणानंतर चारच महिन्यांनी, १२ डिसेंबर १९५३ रोजी, नागपूरहून मद्रासकडे निघालेले रात्रीचे डाकोटा विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि बहुतेक सर्वजण मृत्युमुखी पडले. पुढची अनेक वर्षे मात्र सोनेगावच्या विमानतळावर मध्यरात्री चार दिशांची विमाने आणि चार भाषांचे प्रवासी एकत्र येत राहिले.

१९५० मधील दोन अपघात

सुरक्षिततेविषयी इतके दक्ष असलेल्या जे.आर.डी. यांच्या स्वतःच्या कंपन्यांनाही डोंगर आणि हवामान यांनी सोडले नाही. ३ नोव्हेंबर १९५० रोजी 'मलबार प्रिन्सेस' जिनिव्हाला उतरण्यापूर्वी वादळी हवेत आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर आदळले. विमानातील सर्व ४८ जण ठार झाले. त्यांत ब्रिटनमध्ये जहाजावर रुजू होण्यासाठी निघालेले भारतीय खलाशी मोठ्या संख्येने होते. शोधासाठी वर चढलेल्या पथकातील वाटाड्या रने पायो हाही हिमकड्याच्या घसरणीत मरण पावला.

त्यानंतर दीड महिनाही झाला नव्हता, तोच १३ डिसेंबर १९५० रोजी एअर इंडियाचे एक डाकोटा निलगिरी पर्वतात कोटगिरीजवळ कोसळले. मृतांमध्ये भारतात व्याख्यानांसाठी आलेले संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड आणि त्यांच्या पत्नी होत्या. परत आलेल्या लढाऊ विमानांवरील गोळ्यांच्या खुणा पाहून, जी विमाने परत आली नाहीत त्यांना कोठे गोळी लागली असावी, याचे गणित महायुद्धात मांडणारे तेच हे वाल्ड. अशा माणसाचा शेवट विमान अपघातात व्हावा, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली हवाई वाहतूक चौकशी समिती नेमण्यात आली. कंपन्यांची संख्या गरजेहून अधिक असल्याचे तिच्या अहवालात दिसून आले व त्यांच्या एकत्रीकरणाची शिफारस करण्यात आली. जे.आर.डी. यांनी चार वर्षांपूर्वी दिलेला इशारा यातून खरा ठरला.

राष्ट्रीयीकरणानंतर

१९५३ च्या कायद्याने सर्व विमानकंपन्या सरकारजमा झाल्या आणि १ ऑगस्टपासून दोन महामंडळे काम करू लागली. या निर्णयाने जे.आर.डी. दुखावले, आपल्याशी नीट सल्लामसलत झाली नाही, ही त्यांची तक्रार होती. तरीही पंतप्रधान नेहरूंच्या विनंतीवरून त्यांनी एअर इंडिया इंटरनॅशनलचे विनावेतन अध्यक्षपद स्वीकारले व ते पंचवीस वर्षे सांभाळले. प्रवासात असताना ते चहाच्या रंगापासून तिकीट खिडकीवरच्या धुळीपर्यंत सर्व गोष्टींची टिपणे करीत व ती संबंधितांकडे पाठवीत. ज्याला धूळ दिसत नाही त्याला ढिला झालेला खिळाही दिसणार नाही, असा या बारीक नजरेचा अर्थ लावता येतो. १९५८–५९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेचे अध्यक्ष होते. १९६२ मध्ये एअर इंडियाचा सर्व ताफा जेट विमानांचा झाला. असे करणारी ती जगातील पहिली कंपनी मानली जाते.

या काळातील संकटेही लहान नव्हती. ११ एप्रिल १९५५ रोजी बांडुंग परिषदेसाठी निघालेले 'काश्मीर प्रिन्सेस' विमान घातपाताच्या स्फोटाने समुद्रात कोसळले. कप्तान दा. का. जटार व अन्य १५ जण मरण पावले. वाचलेल्या तिघांत देखभाल अभियंता अनंत कर्णिक हे होते.

२४ जानेवारी १९६६ चा अपघात जे.आर.डी. यांना सर्वाधिक जिव्हारी लागणारा होता. 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ विमान माँ ब्लाँवरच, पंधरा वर्षांपूर्वीच्या अपघातस्थळाजवळ आदळले व ११७ जण ठार झाले. त्यांत त्यांचे स्नेही होमी भाभा होते. भाभांच्या मूलभूत संशोधन संस्थेला टाटा न्यासाचे पाठबळ मिळालेले होते. विमानातील दोन दिशादर्शक संग्राहकांपैकी एक बैरूत सोडतानाच नादुरुस्त होता. शिखर आपण ओलांडले आहे, असा वैमानिकाचा समज झाला. जिनिव्हाच्या नियंत्रकाला ही चूक रडारवर दिसली आणि त्याने ती कळवलीही; परंतु त्याच्या शब्दांतून वैमानिकाला हवा तो अर्थ पोहोचला नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता. पुस मॉथच्या काळात बोलण्याचे साधनच नव्हते. येथे साधन होते, शब्द अपुरे पडले.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री 'सम्राट अशोक' हे जंबो जेट मुंबईहून निघाल्यानंतर थोड्याच वेळात वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळले व २१३ जण मरण पावले. बाहेर काळोख, खाली समुद्र. अशा वेळी विमानाचा कल दाखवणारे कप्तानासमोरील उपकरण बिघडले आणि त्याला दिशाभ्रम झाला. त्यानंतर महिन्याभरातच मोरारजी देसाई सरकारने जे.आर.डी. यांना अध्यक्षपदावरून दूर केले. या दोन घटनांचा संबंध जोडण्याचे कारण नाही. मात्र ज्या पद्धतीने त्यांना हटवण्यात आले, ती त्यांच्या सेवेला शोभणारी नव्हती. १९८० मध्ये इंदिरा गांधी यांनी त्यांना संचालक मंडळावर परत घेतले. अध्यक्षपद मात्र पुन्हा मिळाले नाही.

सन्मान व अखेरची वर्षे

जे.आर.डी. यांना १९५५ मध्ये पद्मविभूषण व १९९२ मध्ये भारतरत्न देण्यात आले. हवाई दलाने त्यांना १९६६ मध्ये मानद एअर कमोडोर व १९७४ मध्ये मानद एअर व्हाइस मार्शल केले. विमानशास्त्रातील डॅनियल गुगेनहाइम पदक त्यांना १९८८ मध्ये मिळाले.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या टपाल उड्डाणाला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, ७८ वर्षांच्या जे.आर.डी. यांनी कराची ते मुंबई हा प्रवास एक इंजिनाच्या लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा केला. विमान ते स्वतः चालवीत होते.

२९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन पॅरिसमधील पेर लाशेज या दफनभूमीत करण्यात आले.